गिझरचा करंट अन् आईचा आवाज

गिझर कसा दुरुस्त करायचा हे शोधत शोधत तुम्ही इथवर आले असाल, तर हातातला पेचकस आधी खाली ठेवा. सांगतो. प्लग, बटन, कॉइल, अर्थिंग, काही सोडत नाही. पण माझ्या भरवशावर आपला गिझर उघडू नका. माझ्या हातून आजवर एकच वस्तू धड दुरुस्त झाली, शाळेतल्या घंटेचा दोर, अन् तो तोडलाही मीच होता.

काही जणाईले हेही ठाऊक असेल की हे पोट्टं नकला करते. त्याईले वाटत असेल, आता हसून हसून पोट दुखणार. खामगावात सेल लागला की रिक्षावर भोंगा लावून एक आवाज फिरतो ना, 'ताई, आज शेवटचा दिवस', तो आवाज माझा. तो शेवटचा दिवस पंधरा दिवस चालतो. म्हणजे लोकाईले आशा लावून ठेवायची मले सवय आहे. आज तसं करत नाही. हसायचं थोडंच आहे यात, अन् जे आहे ते पण नंतर घशात अडकते.

आधी घर कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. समोर ओटा. ओट्याच्या भिंतीवर लोखंडी डब्यासारखी जुनी मेन. तिचं हँडल वर केलं की घरात लाइट, खाली केलं की बंद. मंग एकामागं एक दोन खोल्या, मंग आंगण, अन् आंगणाच्या पार टोकाले बाथरूम. मेनपाशी उभ्या माणसाले बाथरूम दिसत नाही, बाथरूममधल्याले मेन दिसत नाही. एकमेकाईचा आवाज तेवढा ऐकू येतो. बाथरूमात भिंतीवर पंधरा लिटरचा गिझर, त्याच्या खाली लोखंडी नळ, अन् उंचावर एक बोर्ड, त्यात गिझरचा प्लग अन् बटन.

दिवाळीआधी घराले रंग दिला. रंगवाल्यानं बाथरूमचा बोर्ड काढून ठेवला अन् तसाच ठेवून निघून गेला. तो बोर्ड बाबांनी परत बसवला. चार वायरी, चार स्क्रू, दहा मिनिटाचं काम. बसवून झाल्यावर बटन दाबलं, गिझरचा लाल दिवा लागला. बाबा खूश.

दिवाळी झाली, थंडी पडली, अन् एक दिवस आंघोळ करून आलेली आई म्हणाली, नळाले हात लावला की झिणझिण होते.

बाबांनी विचारलं, बटन बंद केलं होतं का. आईनं सांगितलं, केलं होतं. आमच्या घरी तो नियमच आहे. पाणी तापलं, लाल दिवा गेला, की बटन बंद, मंगच आंघोळ. बाबा म्हणाले, "मंग करंट कुठून येईन? पायी चालत?"

मी हसलो. मले खरंच वाटलं की बाबा बरोबर बोलले.

बाबांचं एक सांगायले पाहिजे. ते तेलाच्या मिलमध्ये काट्यावर बसतात. ट्रक येते, काट्यावर उभं राहते, बाबा आकडा लिहून घेतात. ड्रायव्हर किती का ओरडेना की माल इतका होता अन् तितका होता, बाबा फक्त काट्याकडं बोट दाखवतात. तीस वर्षं माणसाईचं न ऐकण्याचंच काम केलं आहे त्याईनं. त्यात त्याईचा दोष नाही, काट्यावर बसणाऱ्यानं तसंच करायचं असते. फक्त घरी आल्यावर काटा सुटला पाहिजे.

पण बाबा अन्यायी नाहीत. रविवारी त्याईनं टेस्टर आणलं, म्हणजे तो पेचकससारखा असतो, ज्याच्या दांडीत लहानसा दिवा असतो. करंट असला की दिवा लागते. आता करंटची तपासणी करायची म्हणजे जपून करायले पाहिजे, म्हणून बाबांनी पायात रबरी स्लिपर घातली, देवघरातला लाकडी पाट आणला, बाथरूमात ठेवला, त्यावर चढले अन् टेस्टर नळाले लावलं. सकाळचे अकरा वाजलेले. खिडकीतून ऊन सरळ नळावर पडलेलं. दिवा लागला नाही.

"पाह्य," बाबा आईले म्हणाले. "काहीच नाही."

आता मले समजते. टेस्टरचा दिवा लागायले करंटले माणसातून जमिनीत जावं लागते. स्लिपर घालून, पाटावर उभं राहून, उन्हात टेस्टर पाहणं म्हणजे दोन्ही कानात बोटं घालून कोणी हाक मारली का ते ऐकणं. पण तेव्हा मी पण दारात उभा होतो अन् मान हलवत होतो. मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहून मीही गिझरचा डॉक्टर झालो होतो. प्लगच्या पिना घासल्या, ढिला स्क्रू आवळला, अन् झालं म्हणून जाहीर केलं.

आई म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी तिले परत करंट लागला. तिनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी नळाच्या मुठीवर दुधाची रिकामी पिशवी दिसली, दोऱ्यानं गच्च बांधलेली. ती मी रोज पाह्यचो. नळ गळत असेल म्हणून बांधली, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही.

विचारायचं सोडून मी काय केलं ते सांगतो. धामणगाव बढ्याले मामाच्या नातीचं बारसं होतं. जेवणं झाली, बाया-माणसं पसरून बसली, अन् नेहमीसारखं कोणीतरी म्हणालं की बाप्पा, कर बरं काही. मी मामाची केली, गावातल्या शिक्षकाची केली, अन् मंग नवीन म्हणून आईची केली. आई नळाकडं हात नेते, हात मागं घेते, परत नेते, 'अगं माय' म्हणते, अन् बाबा पाटावर चढून म्हणतात, पाह्य, काहीच नाही. लोक लोटपोट झाले. आईचा आवाज मले लहानपणापासून येते. तो सोपा नाही, थोडा बसका आहे, अन् शब्दाच्या शेवटी ती श्वास सोडते. तो श्वास जमला पाहिजे. मले जमते.

आई पण हसली. ती लोकात बसली होती, काय करणार होती.

आता वायरमन काका. आमच्या गल्लीत तिसऱ्या घरी राहतात. लाइनमन होते, रिटायर झाले, पण गल्लीत फ्यूज उडाला की लोक त्याईलेच हाक मारतात. एक गुडघा दुखते म्हणून जरा तिरपे चालतात. बोलतात कमी. त्याईची नक्कल करायले मी बरेच दिवस झटलो, पण काही धरायलेच सापडत नाही.

एक दिवस ते शिडी परत द्यायले आले. हात मातीनं भरलेले. आईनं म्हटलं, धुऊन घ्या. ते बाथरूमात गेले अन् आतूनच विचारलं, "वहिनी, या नळाले पिशवी काऊन बांधली?"

आई आंगणात होती. ती म्हणाली, "काही नाही भाऊ. मले भास होते म्हनतेत."

टोमणा नव्हता त्यात. तिनं ते तसंच सांगितलं, जसं कोणी सांगते की मले आजकाल चष्मा लागला.

काकांनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, अन् हाताची मागची बाजू, म्हणजे बोटाची पेरं, नळाले हळूच लावली. हात झटकन मागं आला.

"भास नाही हो वहिनी," काका म्हणाले. "करंटच हाय. अन् बटन बंद असून येते, म्हनजे जास्त वाईट."

मले वाटलं आई आता बाबांच्या नावानं काही बोलेल, माझ्या नावानं बोलेल. तिनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "चहा ठेवते."

काकांनी गिझरचा प्लग उपसून ठेवला अन् सांगितलं की रविवारी पाहू, तोपर्यंत कोणी लावायचा नाही. मी विचारलं, काका, हात उलटा काऊन लावला. ते म्हणाले, करंट लागला की मूठ आवळते. तळहातानं धरलं तर धरलेलंच राहते, सुटत नाही. उलटा हात लावला तर मूठ आवळली तरी हात मागंच येते. लाइनीवर पहिल्या दिवशी हेच शिकवतेत म्हणे. मंग त्याईनं मले विचारलं, तुले करंट कधी लागला नाही का. मी म्हटलं, नाही, कधीच नाही. बाबांले पण नाही. काकांनी आमच्या दोघाईच्या स्लिपरकडं पाह्यलं. दोन जोड, बाथरूमच्या दाराशी. आईची जोड तिथं नव्हती. आंघोळ करून ती सरळ देवापाशी जाते, म्हणून आंघोळीले चप्पल घालत नाही. अन् माझी बादली भरून ठेवते तीच.

हे सगळं त्याईनं दोन मिनिटात पाह्यलं. मी दीड महिना त्याच घरात होतो.

रविवारी सकाळी काका पिशवी घेऊन आले. आधी गिझरचं पाणी काढलं, खालचं झाकण खोललं अन् आतली कॉइल बाहेर ओढली. कॉइल म्हणजे पाणी तापवणारी नळी. ती नळी दिसतच नव्हती. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर तिच्यावर असा चढला होता की जसं कोणी चुन्यात बुडवून वाळवली. काकांनी पेचकसानं ठोकलं, थर पडला, अन् खाली नळीले लांब चीर. यातूनच करंट पाण्यात येऊन राह्यला, ते म्हणाले. त्याईनं ती कॉइल बाबांच्या हातात दिली अन् सांगितलं, बजारात जा, अशीच पाहिजे, लांबी मोजून घ्या. मोजायचं काम म्हटल्यावर बाबा लगेच निघाले. पण निघायच्या आधी म्हणाले, "पन बटन बंद असल्यावर कॉइल फुटलेली का असेना, करंट कसा येईन?"

"तेच पाहतो आता," काका म्हणाले.

हे पाहायचं तर मेन कधी चालू करावी लागणार, कधी बंद. एरवी काकांची पद्धत वेगळी. मेन बंद करायची, फ्यूजची चिनीमातीची गिट्टी उपसायची अन् आपल्या शर्टाच्या खिशात टाकायची. गिट्टी खिशात असली की जगात कोणी त्या वायरीत करंट आणू शकत नाही. पण आज दर दोन मिनिटाले चालू-बंद करायचं होतं, अन् गुडघा घेऊन ओट्यापर्यंत चकरा मारणं त्याईले जमणार नव्हतं. मी म्हटलं, मी उभा राहतो मेनपाशी. काका म्हणाले, "तू मधात थांब, सामान दे. मेनपाशी वहिनी उभ्या राहतीन. त्याईचं मले पटते."

आई गेली अन् मेनपाशी उभी राहिली. मी पाह्यलं, तिनं पदर कमरेले खोचला होता, जसा ती लग्नाच्या घरात पंगतीले वाढताना खोचते.

मंग सुरू झालं. काका आतून म्हणायचे, चालू. आई हँडल वर करून म्हणायची, "हाव भाऊ, चालू केली." काका काहीतरी पाह्यचे, मंग म्हणायचे, बंद. ती म्हणायची, "हाव भाऊ, बंद केली." ते शब्द ऐकल्याशिवाय काका बोर्डात हात घालत नव्हते. मी मागच्या खोलीच्या दारात, आंगणाकडं तोंड करून. दोघाईचे आवाज माझ्या अंगावरून जात होते.

पहिल्याच फेरीत बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. बटन बंद, अन् तरी बोर्डातल्या प्लगच्या भोकात टेस्टर लावलं तर दिवा लागते. बोर्ड बसवताना बाबांनी दोन वायरींची अदलाबदल केली होती. करंट घेऊन येणारी वायर सरळ गिझरले, अन् बटन मात्र करंट परत नेणाऱ्या वायरीवर. म्हणजे बटन बंद केलं की गिझर तापायचा थांबायचा, लाल दिवा जायचा, पण करंट आपला आतच बसून राह्यचा. त्यात कॉइल फुटलेली. काकांनी मेन बंद करायले लावली, वायरी जागच्या जागी लावल्या.

मंग अर्थिंग. फुटक्या कॉइलचा करंट खरं म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायले पाहिजे, माणसाच्या अंगातून नाही. काकांनी मेन चालू करवली अन् होल्डरमधला एक बल्ब त्या वायरीले लावून पाह्यला. चांगली अर्थिंग असली तर बल्ब लख्ख लागते. आमचा बल्ब काजव्यासारखा लागला अन् तोही विचार करून.

काकांनी विचारलं, "अर्थिंगच्या खड्ड्यात पानी कवा टाकलं होतं?"

मी म्हटलं, "आता कायले? आता कूलर कुठं आहे?"

काका माझ्याकडं पाहतच राहिले. आमच्या इकडं ही गोष्ट अशीच आहे. उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याले करंट येते, म्हणून आंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात रोज संध्याकाळी बादलीभर पाणी टाकतात. ते काम माझंच. मृग लागला, कूलर माळ्यावर गेला, की खड्डाही डोक्यातून गेला. हिवाळ्यात अर्थिंग लागते हे मले माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत कोणाले माहीत नसेल. खड्डा दगडासारखा कोरडा पडला होता, अन् त्यावर आम्ही कुंड्या ठेवल्या होत्या.

पण नुसता खड्डा कोरडा म्हणून बल्ब इतका मंद लागत नाही, काका म्हणाले, वायर पण ढिली असेल. परत बोर्ड खोलायचा होता. स्टुलावर चढून त्याईनं आवाज दिला, बंद करा.

आवाज आला नाही.

दारावर भाजीवाली आली होती. मेथी घेऊन ती रोज येते अन् आईशिवाय कोणाचं ऐकत नाही. आई दोन पायऱ्या उतरून तिले सांगायले गेली होती की आज थांब, काम चालू आहे. मले इथून ते दिसत नव्हतं. मले फक्त ऐकू येत होतं की आई काही बोलत नाही.

काकांनी दुसऱ्यांदा विचारलं. "वहिनी, बंद का?"

इथं मी खूपदा थांबून विचार केला आहे की मी तेव्हा काय विचार केला. खरं सांगतो, काहीच नाही. मले वाटलं की मेन बंद आहे? नाही. मले वाटलं की काकांची गंमत करू? तेही धड नाही. अर्धा तास ते वाक्य माझ्या अंगावरून जात होतं, मी ते मनातल्या मनात तिच्यासंगं म्हणत होतो, श्वास कुठं सोडायचा ते पाहत होतो. जागा रिकामी झाली, अन् ते तोंडातून बाहेर आलं.

"हाव भाऊ, बंद केली."

चांगलं आलं होतं. इतकं चांगलं मले आधी कधी आलं नव्हतं.

मंग बाथरूमातून खट्ट आवाज आला, अन् पेचकस फरशीवर पडला.

मी धावलो. काका स्टुलावरून उतरलेले, भिंतीले टेकून. उजव्या हाताची दोन पेरं फुटली होती, रक्त येत होतं. बोर्डातली वायर धरायच्या आधी त्याईनं सवयीनं उलटा हात लावला होता, हात उडून बोर्डाच्या कडेवर आपटला. एवढंच. सवय नसती तर त्याईनं ती वायर चिमटीत धरली असती. ओल्या फरशीवर लोखंडी स्टूल, एक हात नळाच्या पाइपाले. पुढचं मी लिहीत नाही.

आई मेथीची जुडी हातात घेऊन आली. मागूनच बाबा पण आले, नवीन कॉइल घेऊन. काका ओरडले नाहीत. पाणी प्यायले अन् शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमी बंद म्हनलं म्हून मी हात घातला."

आईनं वळून ओट्याकडं पाह्यलं. दोन खोल्यांपलीकडची मेन इथून दिसत नाही, तरी पाह्यलं. मंग ती दोन्ही खोल्यांतून ओट्यापर्यंत जाऊन पाहून आली. हँडल वर होतं.

"मी म्हनलं?" ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "हिचं ध्यानच नसते. भाजीवाली दिसली की झालं."

अन् मंग आई जे बोलली ते मी आजवर कोणासमोर करून दाखवलं नाही. ती म्हणाली, "म्हनलं असीन भाऊ. बोलता बोलता निंघालं असीन तोंडातून. आजकाल मले माह्यंच समजत नाही."

तिनं ते म्हटलं नव्हतं. तिले ठाऊक होतं की म्हटलं नव्हतं. पण दीड महिना घरात सगळ्याईनं तिले सांगितलं होतं की जे लागते ते लागत नाही, म्हणून आता जे बोललं नाही ते पण तिनं बोललं म्हणून मान्य केलं. मेथीची पानं एकेक करून खाली पडत होती. काका खाली पाहत होते. मले दिसलं की त्याईचा तिच्यावरचा भरवसा हळूहळू कमी होऊन राह्यला.

मंग मी म्हटलं, "मी म्हनलं ते."

बाबांनी हात झटकला. "आईले वाचवू नको उगाच. बाईचा आवाज त्याईले समजत नाही का?"

काकांनी पण माझ्याकडं पाह्यलं, पण विश्वास बसलेला दिसला नाही. बसणार कसा, त्याईनं आवाज ऐकला होता. मंग मले ते करूनच दाखवावं लागलं. तिथंच, आंगणात, त्या तिघाईसमोर, रक्ताचे थेंब पडलेल्या फरशीवर उभं राहून मी आईच्या आवाजात म्हटलं, हाव भाऊ, बंद केली. श्वासासकट.

हसलं कोणी नाही. आईनं जुडी खाली ठेवली. पहिल्यांदाच मले दिसलं की बाबांच्याजवळ बोट दाखवायले काटा नाही.

काका तिरपे तिरपे ओट्यापर्यंत गेले, स्वतः मेन बंद केली, फ्यूजची गिट्टी उपसली अन् शर्टाच्या खिशात टाकली. परत आले, हातावर रुमाल बांधला अन् कामाले लागले. मले एकच गोष्ट म्हणाले, बॅटरी नीट धर.

तीन तास मी बॅटरी धरली. बोर्डातली अर्थिंगची वायर खरंच ढिली होती, ती आवळली. नवीन कॉइल बसवली. कुंड्या उचलल्या, खड्डा उकरला, मीठ-कोळसा टाकून चार बादल्या पाणी ओतलं. तेवढं काम काकांनी माझ्याकडून करवलं, न बोलता, बोटानं दाखवून. मंग काकांनी खिशातली गिट्टी बसवली, मेन चालू करून परत बल्ब लावला, तर तो इतका लख्ख लागला की बाबांनी डोळे बारीक केले. शेवटी काकांनी सांगितलं की करंट फुटला की आपोआप पडणारं एक बटन मेनपाशी बसवून घ्या, अन् ते सारखं पडते म्हणून कोणी वायर जोडून त्याले मुकं करू नका. बाबांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मंग गिझर लावला. पाणी तापलं. काका आईले म्हणाले, पाहा वहिनी. आई चप्पल काढून आत गेली. तिनं दोरा तोडला, पिशवी काढली, अन् काकांनी केलं होतं तसा आधी उलटा हात लावला. मंग सुलटा. मंग नळाची मूठ पूर्ण धरली अन् धरूनच ठेवली, जरा जास्त वेळ. बाहेर येऊन म्हणाली, "नाही लागत."

बाबांनी विचारलं, पक्कं?

"मी म्हनून राह्यली ना," आई म्हणाली.

काका गेले. बाबा नवीन बटनाचं पाहायले बाहेर पडले. मी हळूच निघायच्या बेतात होतो, तर आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. ती गॅसपाशी उभी होती, पाठ माझ्याकडं. दूध तापत ठेवलेलं. मले वाटलं मारेल. बरं झालं असतं.

"तो मानूस मेला असता तर?" ती म्हणाली. "बोल ना. एरवी तर लई बोलतो. त्याच्या बायकोले मी कोणतं तोंड दाखवलं असतं? तिनं म्हनलं असतं, वहिनीनं सांगितलं म्हून गेला. अन् मी पन तेच मानलं असतं जन्मभर. तुले समजते का बे, मी मानलं असतं. मी मानून बसलीच होती."

मी म्हटलं, मी सांगितलं ना शेवटी.

"सांगितलं म्हून उपकार केला का?" तिनं दुधाखालचा गॅस बारीक केला. "माह्या नकला कर, मी कवा नाही म्हनलं का? लोकात कर, घरात कर. पन ह्या घरात माह्यं कोनी ऐकत नाही. तुहा बाप ऐकत नाही, तू ऐकत नाही. एक मानूस भेटला, जो माह्या शब्दावर करंटमधी हात घालाले तयार झाला. अन् तो शब्द माहा नव्हता. लाज वाटली पाह्यजे तुले."

मले वाटत होती. ते सांगायले मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आता बोलू नको. दीड महिना बोलला नाही, आता कायले बोलतो." तिनं दूध पेल्यात ओतलं, चिमूटभर हळद टाकली, वर बशी झाकली अन् पेला माझ्या हातात दिला. "हे काकाले नेऊन दे. गरम हाय, पदर नाही तुले, फडकं घे. हाताले मलम लावलं का विचार. अन् तिथं जाऊन गमती करत बसू नको. ते बोलतीन ते उभ्यानं आयकून घे, शिव्या देतीन तर शिव्या आयकून घे. अन् पेला वापस आन, मागच्या वेळचा अजून तिकडंच हाय."